वीतभर वायर

"माय, नेट गेलं."

मल्हार खोलीतून बाहेर आला तेव्हा कासाबाई पाटीत शेण भरत होती. पुण्याच्या कंपनीनं दहा दिवस घरून काम करायची मुभा दिली, म्हणून पोरगा गावी आला होता. पण आला तसा अंगणापलीकडच्या नव्या खोलीत शिरला आणि दार लावून घेतलं. ताट ती उंबऱ्यावर ठेवायची. तो कानातलं न काढता नुसती मान हलवायचा. सात दिवस असे गेले. उरले होते तीन.

"गेलं म्हंजे कुटं गेलं?"

"तेच बगायलोय."

ओसरीच्या भिंतीवर नेटचा पांढरा डबा होता. तिथून निळी वायर निघायची आणि शेळ्यांच्या छपराच्या खांबाखांबानं त्याच्या खोलीत जायची. मल्हारनं डबा बंद केला, थोडा वेळ थांबून चालू केला. फोन डब्याजवळ धरला.

"हितं चालायलंय. म्हंजे लाईन चांगली हाय. खराबी मधीच कुटंतरी हाय."

"मग हितंच बस की. म्या सतरंजी टाकते."

"हितं? काल खिडकीतून कबरी वरडली तर सायेब म्हणले, मल्हार, मिटिंगला कोण नवीन आलंय का? समदे हसले माज्यावर."

कासाबाईही हसली. खराबी कुठं आहे ते तिला ठाऊक होतं. मघाशी धारेसाठी कबरीला सोडलं, तर ती शेळी थेट मागच्या खांबापाशी गेली. तिच्या तोंडातून निळं काहीतरी लोंबत होतं. कासाबाईनं ओढलं तर वीतभर तुकडा हातात आला. सांगावं म्हणून ती खोलीच्या दारापर्यंत गेली होती. आत पोरगा 'हॅलो, हॅलो' करत होता. मग खुर्ची सरकली. तो उठला होता. कासाबाई तशीच मागं फिरली, कबरीला खुंट्याला बांधलं आणि तुकडा कनवटीला खोचला.

"हिकडून बगत जाऊ," ती म्हणाली आणि ओसरीकडून, लांबच्या बाजूनं निघाली.

वायरीवर बोटं फिरवत मल्हार पुढं, ती मागं. दुसऱ्या खांबापाशी दोन करडं त्याच्या पायात आली.

"ही कवाची गं?"

"चार दिवस झाले. तू हितं असतानाच व्याली कबरी."

त्यानं एकाला उचललं. करडानं त्याच्या शर्टाची गुंडी तोंडात धरली. "सोड रं, पगारातून कापतेत," तो म्हणाला. कासाबाईनं पाऊल आणखी हळू केलं. हौदापाशी त्यानं पाणी मागितलं. तिनं तांब्या भरून दिला. त्यानं लहानपणासारखं वरून घटाघटा पिऊन छाती भिजवून घेतली. तिनं पदर पुढं केला, तर त्यानं तोंड पुसलंही.

तेवढ्यात फोन वाजला. "व्हय सर. बगायलोय सर." बोलता बोलता तोंड एवढंसं झालं. फोन खिशात टाकून म्हणाला, "अकराला मला समद्यांसमोर काम दाखवायचंय. न्हाई जमलं तर दुसऱ्याला देतेत. साल झालं त्याच्यावर राबायलोय, माय."

मागच्या खांबापाशी तुटलेली टोकं सापडली. त्यानं दोन्ही ओढून बघितली. वीतभर कमी पडत होतं.

"मधला तुकडाच न्हाई. आता सोनपेठला जाऊन वायर आणायची. गेला दिवस."

तो खांबाला टेकून खालीच बसला. गेला दिवस, म्हणजे पोरगा दिवसभर तिला सापडला असता. कासाबाईनं कनवटीवर हात ठेवला. पोरगा मातीकडं बघत होता.

"हा घे."

तुकड्यावर दातांच्या खुणा होत्या. मल्हारनं तो उलटासुलटा केला.

"कुटं व्हता?"

"कबरीच्या तोंडात."

"कवा?"

कासाबाईनं कनवट पुन्हा खोचली. मल्हार तिच्याकडं बघत राहिला. सात दिवसांत त्यानं एवढा वेळ तिच्याकडं बघितलं नव्हतं.

"बस," तो म्हणाला. "टोकं धर."

वायरीच्या पोटात आठ तारा निघाल्या, केसासारख्या बारीक. नारंगीला नारंगी, हिरव्याला हिरवी. त्याच्या बोटांतून त्या निसटत होत्या.

"सरक तिकडं," ती म्हणाली.

जन्मभर लोकर वळलेली बोटं. तुकड्याच्या ह्या टोकाला आठ पीळ, त्या टोकाला आठ. एखादा सैल सोडावा, असं मनात येऊन गेलं. बोटांनी ऐकलं नाही. मल्हारनं वर काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि खोलीकडं पळाला.

"आलं, माय! आलं!"

ती उठून कबरीला वायरीपासून लांब बांधायला गेली, तर तो पुन्हा बाहेर आलेला.

"तू राहू दे. कबरीला म्या बांधतो."

त्यानं दावं सोडलं, खुंट्याला नव्यानं गाठ मारली, करडाच्या डोक्यावर टपली मारली आणि आत गेला. दार लागलं.

दावं कुणीही बांधलं तरी कासाबाई एकदा बघायचीच. पाच वर्षांचा असताना तिनंच त्याला शिकवलं होतं: दावं ताणून बघायचं, आणि ज्याला जनावरानं तोंड लावायला नको त्याच्या चार बोटं अलीकडं ठेवायचं. त्याचं बांधणं कधी चुकलं नव्हतं. गाठ आताही तीच होती, पक्की. तिनं दावं ताणून मागच्या खांबाकडं, जोडलेल्या वायरीकडं नेलं. ते खांबापर्यंत पोचलं. वर चार बोटं उरलं.

तिनं पुन्हा ताणून बघितलं.

खोलीतून इंग्रजी बोलणं ऐकू येत होतं. कासाबाईनं गाठीला हात लावला नाही. कडब्याची पेंढी उचलली, सोडली, आणि त्यातली अर्धीच कबरीपुढं टाकली.