नवंकोरं कुलूप

समोरच्या घरातल्या आजी घसरून पडल्या, तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली घेऊन मुलगा कामावर गेला होता. शेजारी नुसतेच ओरडत होते. कुलपं दुरुस्त करणाऱ्या काकूंनी तार घालून अर्ध्या मिनिटात ते उघडलं, म्हणून आजी वाचल्या. तिसऱ्या दिवशी मुलगा दुकानात आला. काकूंना वाटलं, आभार मानायला आला असेल. त्याने नवंकोरं कुलूप पुढे केलं. "काकू, हे तुम्हाला उघडता येईल का?" काकूंच्या डोक्यात तिडीक गेली. "वीस वर्षं समोर राहते. कधी न विचारता उंबरा ओलांडला?" "गैरसमज नको हो. तुम्ही फार हुशार, त्याचीच भीती वाटते." काकूंनी कुलूप हिसकावलं, दहा सेकंदांत उघडलं आणि त्याच्या हातावर आदळलं. "येतं उघडता! आई पुन्हा पडली, तर हेही उघडीन. जा, खुशाल लाव दाराला!"