हिरवा थर

बाबांच्या तेराव्याला फोटोपाशी त्यांचा आवडता दगड ठेवायचा, म्हणून रसिकाने तो देवाच्या भांड्यांसारखा चिंच-मीठ लावून घासला. हिरवा थर निघून गेला आणि काळा दगड लख्ख झाला.

बाबांबरोबर जन्मभर खाणी हिंडलेले ईश्वरकाका सिल्व्हर पार्कच्या फ्लॅटवर आले आणि तो दगड हातात घेऊन बघतच राहिले.

“यावरचं हिरवं कुठे गेलं गं?”

“कळंक चढला होता, काका. चिंचेनं काढला.”

“अगं, तेच तर तांबं होतं! बाकी हा नुसता समुद्रतळाचा चिखल, दगड झालेला. पाण्याबरोबर वाहत आलेलं तांबं यात येऊन थांबलं होतं. बाबा कधी बोलले नाहीत तुला?”

“बोलायचे ना. घरी कुणी आलं की दर वेळी,” रसिका म्हणाली. “मी तेव्हा चहा टाकायला उठायचे.”