पडायची शिकवणी

चौसाळ्यात कराटेचे दोन क्लास होते. मंजुळा पोरीला, कावेरीला घेऊन दोन्हीकडं गेली. पहिल्या मास्तरनं लाथेनं कौल फोडून दाखवलं. मंजुळानं इचारलं, "पडायला शिकवता का?"

"पडायला कावून शिकावं लागतंय, बाई? लाथ बसली की माणूस आपुआप पडतंय." मास्तर हसला.

दुसरा म्हणला, "आमी आदी पडायलाच शिकवतो. हनुवटी छातीला टेकवायची, म्हंजे डोकं आपटत न्हाई."

तिनं तिथंच पोरीचं नाव घातलं. रोज संगं जाऊन भिताडाला टेकून बघत बसायची.

अवंदा दुष्काळात साखर कारखाना बंद पडल्यापासून नवरा घरीच होता, पिऊन. एका सांजेला त्यानं मंजुळावर हात उगारला, तशी कोपऱ्यातून कावेरी वरडली, "माय, हनुवटी!"