चौकीतला माणूस

संपत धायगुडेला बंदूक चालवायची नव्हती. लढाई यंत्रं करायची. त्यानं फक्त जिवंत राहायचं. चौकीत जिवंत माणूस असेपर्यंत ती चौकी आपली, असा दोन्ही देशांचा करार होता. बर्फातल्या त्या चौकीत संपत एकटाच राहत होता. समोरच्या कड्यावर शत्रूचाही असाच एक शिपाई होता.

थंडीनं संपतच्या छातीत कफ भरला आणि श्वास घेणं जड जाऊ लागलं.

"हेलिकॉप्टर कधी येतंय रे?" त्यानं पहाऱ्यावरच्या यंत्राला विचारलं.

"वादळ थांबल्यावर. तुमचा श्वास मंदावतो आहे. कृपया जागे राहा."

"मग बोल की माझ्याशी काहीतरी."

"चौकी सुरक्षित आहे," यंत्र म्हणालं.

मग संपत स्वतःच बोलत राहिला, गावाकडच्या मेंढरांबद्दल, धाकट्या बहिणीच्या लग्नाबद्दल. दुपारी त्याचं बोलणं थांबलं.

त्याची नाडी थांबताच दोन्हीकडची यंत्रं गप्प झाली. वादळ निवळल्यावर समोरचा शिपाई चौकी ताब्यात घ्यायला बर्फ तुडवत आला. आपला झेंडा दाराशीच टाकून तो संपतजवळ बसला आणि त्याचा गार हात त्यानं हातात घेतला. वर्षभरात त्याला भेटलेला हा पहिलाच माणूस होता.