भाऊंचा तयार कान

डोळ्यांवर पंचा बांधून चारुदत्तभाऊ गवतावर मांडी घालून बसले होते, आणि बाहेर पडवीत हापूसचे क्रेट त्यांच्या पराभवाची वाट बघत होते.

खोली खरं तर अढीची. गवतावर आंबे पिकवायची. पण भाऊंनी तिथे हे एवढाले स्पीकर मांडले. म्हणे, गवतामुळे आवाज घुमत नाही! "ऐकायचं तर लॉसलेस, मूळ आवाजातला कणही न गाळलेलं," येईल त्याला ते सांगत. "दाबून लहान केलेलं गाणं म्हणजे निव्वळ चोथा." त्यांच्या बायकोने, उमाकाकूंनी, शेवटी पैज लावली. हरलात तर स्पीकर बाहेर, आंबे आत.

बागेत काम करणाऱ्या काशीरामने बागेच्या राखणदार देवाला रीतसर गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, भाऊंना दोन गाण्यांतला फरक कळला, तर खोली भाऊंची होऊ दे रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळे ओरडले. उमाकाकूसुद्धा. आता माघार नाही.

भाऊंची लेक मनस्विनी लॅपटॉप घेऊन बसली. गाणं एकच, कधी मूळ, कधी दाबलेलं. तिला स्वतःला ढिम्म फरक कळत नव्हता.

तिने मूळ लावलं. "चोथा!" भाऊ म्हणाले.

दाबलेलं लावलं. "अहाहा! हे लॉसलेस. तबला कसा मांडीवर वाजतोय!"

वीसदा गाणं वाजलं. भाऊ वीसच्या वीस वेळा चुकले. उमाकाकूंनी पदर खोचला. भाऊंनी पंचा सोडला, तर चेहरा कोयीसारखा सुकलेला.

"आई, थांब!" मनस्विनी ताडकन उठली. "बाबांनी नुसतं ठोकून दिलं असतं, तर निम्मी तरी बरोबर आली असती. दर वेळी न चुकता चुकायचं, तर दर वेळी फरक कळायला हवा! बाबांना कळतो गं. फक्त उलटा कळतो."

काशीरामने मान डोलावली. "वहिनी, 'फरक कळला तर' असंच घातलंय मी. आता फिरवलंत तर राखणदार बागेत फिरकायचा नाय."

भाऊंची छाती फुगली. "बघितलंस? याला म्हणतात कान!"

"जिंकलात हो," उमाकाकू शांतपणे म्हणाल्या. "खोली तुमची. पण तुमच्या या तयार कानाला गोड लागतं ते दाबलेलंच ना? ते माझ्या मोबाइलवरपण वाजतं. मग हे स्पीकर कशाला?"

भाऊंनी पंचा खांद्यावर टाकला. मग जिंकलेल्या माणसासारखी मान ताठ ठेवून त्यांनी पहिला स्पीकर उचलला आणि आंब्यांना वाट करून दिली.