सात मिनिटं

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा गेली चार वर्षं भाषांतरकार काकांच्या मागे हात धुऊन लागला होता. बटण दाबलं की त्यांचं ते जुनं धूड चांगली सात मिनिटं घरघरत बसायचं, मग कुठे पडदा उजळायचा. "काका, एसएसडी टाकून घ्या, चुटकीसरशी सुरू होईल," असं दर खेपेला सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस आला होता. काकांचं उत्तर ठरलेलं, "राहू दे रे. तेवढ्यात माझं आतलं एक काम उरकतं."

आणि आज त्यांनी स्वतःहून फोन करून बोलावलं.

त्याने कॅबिनेट उघडलं, मूठभर धूळ काढली, जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या एसएसडीवर उतरवलं आणि बटण दाबलं. नवव्या सेकंदाला कॉम्प्युटर तयार! काकांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"बघा, मी उगाच कानीकपाळी ओरडत नव्हतो," तो शेवटचा स्क्रू आवळत म्हणाला. "पण आजच कसं काय मनावर घेतलंत?"

काकांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. एरवी लोटलेलं असायचं ते दार आज सताड उघडं होतं, आणि पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.



"बटण दाबून मी हिची कूस बदलायला जायचो," ते म्हणाले. "महिना झाला, ती सात मिनिटं सरता सरत नाहीत."