शांत मुलगी

“घरी कशी बोलते ही?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“अशीच,” मिलिंद म्हणाला. “पहिल्यापासून शांत आहे.”

अंबरनाथच्या केमिकल कंपनीतली नाईट संपवून तो तसाच बदलापूरच्या या दवाखान्यात आला होता. डोळे चुरचुरत होते. शेजारच्या खुर्चीत हर्षदा मान खाली घालून बसली होती. दहावीचं वर्ष. तोंडी परीक्षेत ती काय पुटपुटली ते शेवटपर्यंत शाळेतल्या बाईंना ऐकू आलं नाही. वर्गात कुणाशी बोलत नाही, डबा तसाच परत नेते, म्हणून शाळेनेच इथली चिठ्ठी दिली होती. डॉक्टरबाईंनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं तिने उत्तर दिलं, पण ते ऐकायला त्यांना टेबलावर वाकावं लागत होतं.

मिलिंदला वाटलं, पोरीची बाजू आपणच मांडायला हवी.

“हिचा त्रास असा काहीच नाही हो. माझी नाईट असली की मी सकाळी येऊन झोपतो. हिची आई फर्स्ट शिफ्टला गेलेली, हिची शाळा दुपारची. म्हणजे घरात हीच. पण एवढ्या वर्षांत एकदा माझी झोप मोडली नाही तिने. घरात कुणी आहे असं वाटतच नाही.”

कौतुकानेच सांगत होता तो. डॉक्टरबाई हर्षदाकडे वळल्या.

“श्वास अडकतो म्हणालीस. सगळ्यात जास्त कधी झालं?”

“गणपतीनंतर. सकाळी.”

“मग काय केलंस?”

“बाथरूममध्ये जाऊन बसले. हात बधिर झाले होते. वाटलं, मरतेय आता. रडू यायला लागलं म्हणून टॉवेल धरला तोंडात.”

“घरी कोण होतं?”

“पप्पा.”

मिलिंद खुर्चीतून अर्धा उठला. “मी होतो? अगं, मग हाक नाही मारायची? बाजूच्याच खोलीत तर होतो!”

हर्षदाने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. पप्पा असं कसं विचारतात, याचंच तिला नवल वाटलेलं दिसलं.

“तुमची नाईट होती ना.”

“एकदाच झालं होतं का तसं?” डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं.

“सहा-सात वेळा. पप्पा उठायच्या आत बरं वाटायचं.”

मिलिंद खाली बसला. ती चार वर्षांची असताना खेळण्यातलं पातेलं पाडलं म्हणून तो झोपेतून उठून तिच्यावर ओरडला होता. एकदाच. पुन्हा ओरडायची वेळ आली नव्हती.

बाहेर येऊन त्याने सुपरवायझरला फोन लावला.

“साहेब, मला जनरल शिफ्ट द्या, दिवसाची.”

“का रे, काय झालं?”

“पोरगी आजारी आहे.”

“बघू, पुढच्या महिन्यात बोलू. आज येतोयस ना?”

“नाही, आज नाही जमणार,” म्हणून त्याने फोन ठेवला आणि हर्षदाला घेऊन घरी, चिखलोलीला जायला रिक्षा पकडली.

“तुम्ही झोपा ना, पप्पा,” घरात शिरताच ती म्हणाली.

“आज झोपबीप काही नाही. शाळाही राहू दे. भात टाकतो, गरम गरम खाऊ दोघं.”

त्याने तांदूळ धुतले, कुकर गॅसवर चढवला. हर्षदा ओट्याशी उभी राहून बघत होती. त्याने टोपलीतून एक टोमॅटो उचलला.

“डाळीत टोमॅटो घालू?”

तिने मानेनेच हो म्हटलं.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. हर्षदा दचकली, धावत गेली आणि बेडरूमचं दार तिने ओढून घेतलं. कडी वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी, अगदी सावकाश.

आत कुणी झोपलेलं नव्हतं. मिलिंद हातात टोमॅटो घेऊन स्वयंपाकघरात उभा होता.